जावईबापूंचे दंड

काचा बसवणाऱ्याचं अंग जिन्यांवर घडतं. दुकानाची दर्शनी काच, बाल्कनीचं सरकतं दार, भिंतभर आरसा, यातलं काहीच लिफ्टमध्ये मावत नाही. दोन माणसं, काचेला चिकटणाऱ्या रबरी मुठी आणि वर जाणारा जिना, असा तो धंदा. काचवाला त्यात विशीपासून होता. त्याचा जोडीदार लंबू चांगलाच उंच, त्यामुळे जिन्यावर लंबू खाली आणि काचवाला वर ही वाटणी ठरलेली. एकमेकांना सांभाळ म्हणायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. समोरच्याच्या श्वासावरून कळायचं.

चाळिशी ओलांडली आणि काचवाल्याचे हात त्याला दगा द्यायला लागले. दुपारनंतर दंडांत कापूस भरल्यासारखं व्हायचं. जेवल्यावर असा काही थकवा यायचा की दुकानात स्टुलावर बसल्या बसल्या डोळा लागायचा. डोकं तर रोजच ठणकायचं, पण उन्हातान्हात हिंडणाऱ्याचं डोकं दुखायचंच, असं म्हणून त्याने ते सोडून दिलं. मग एका ऑफिसच्या जिन्यात, वळणावर, त्याच्या हातून काच सुटली. लंबूने वेळेवर पाय मागे घेतला म्हणून निभावलं. काच पायऱ्यांवर मिठाच्या खड्यांसारखी पसरली. लंबू चिडला नाही, ओरडला नाही. खाली बसून काचा गोळा करता करता एवढंच म्हणाला, "उद्यापासून तिसरा माणूस घेऊ."

शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं काचवाल्याला वाटलं. त्याच संध्याकाळी तो आपल्या मेहुण्याच्या जिममध्ये जाऊन उभा राहिला.

मेहुणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. घरात दादा, जिममध्ये सर. गडी दिसायला खरोखर देखणा होता, मान आणि खांदे यांच्यात फरक करणं अवघड जावं असा. त्याच्या बोलण्यात लोणी होतं आणि त्या लोण्यात खडा केव्हा लागेल याचा नेम नसायचा. काचवाल्याला तो कायम "जावईबापू" म्हणायचा आणि अहो-जाहो करायचा. ऐकणाऱ्याला वाटावं, केवढा मान देतो.

"या जावईबापू," तो म्हणाला, "सहा महिन्यांत तुमच्याच बायकोला तुम्हाला ओळखता येणार नाही, असं करून सोडतो."

त्याने काचवाल्याला शर्ट काढायला लावून फोटो घेतला. जिममध्ये एक भिंत होती, त्यावर लोकांचे जोडफोटो लावलेले असत, एक आधीचा, एक नंतरचा. काचवाल्याचा आधीचा फोटो त्याच दिवशी भिंतीवर चढला. शेजारची जागा रिकामी ठेवली.

आता, काचवाला हा सांगितलं ते काम मुकाट्याने करणारा माणूस. सर म्हणाले पहाटे उठा, तो उठला. सर म्हणाले उकडलेली अंडी खा, गोड बंद, तर बंद. मेहुण्याच्या कपाटातला पावडरचा भलामोठा डबाही त्याने घेतला, संपला की दुसरा घेतला. वजनं उचलताना तो दात-ओठ खायचा, घामाने निथळायचा. घरी गेल्यावर जेवणाचा घास तोंडात घेऊन तसाच बसून राहायचा, चावायचं त्राण नाही म्हणून.

वर्ष गेलं. दंड जसेच्या तसे राहिले. उलट पोट सुटलं आणि छातीवर नको तिथे मऊपणा आला. बरोबरीने आलेली माणसं नंतरचे फोटो लावून मोकळी झाली, आणि भिंतीवरची ती रिकामी जागा मेहुण्याला आयती चेष्टा करायला मिळाली. कोणी नवीन माणूस जिम बघायला आला की तो त्याला हमखास भिंतीपाशी न्यायचा.

"हे आमचे जावईबापू. घरचेच आहेत म्हणून अजून ठेवलंय. यांची चरबीसुद्धा आळशी आहे, जागची हलत नाही."

लोक हसायचे. काचवालाही हसायचा, कारण न हसणारा माणूस आणखी हास्यास्पद दिसतो.

एकदा मेहुण्याने थेट बहिणीला फोन लावला. "छोटे, जरा लक्ष ठेव. हा चोरून खात असणार. इतकं करून फरक पडत नाही म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय."

छोटी एका कुरिअर कंपनीत तक्रारी ऐकायच्या टेबलावर बसायची. दिवसभर लोकांच्या थापा आणि लोकांचं खरं दुःख दोन्ही ऐकून तिचे कान तयार झाले होते. तरी भाऊ म्हणतो म्हणून तिने नवऱ्याच्या ताटावर आठवडाभर नजर ठेवली. मग तिने भावाला फोन केला. "तो चोरून काही खात नाही. जे समोर आहे तेही त्याला संपत नाही. त्याला काहीतरी होतंय, दादा."

"त्याला आळस होतोय," दादा म्हणाला आणि मोठ्याने हसला.

काचवाला घरच्या डॉक्टरकडेही जाऊन आला. डॉक्टरने छाती तपासली, रक्तदाब पाहिला आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवता वाजवता म्हणाला, "वय होतंय. ताण कमी घ्या. सकाळी फिरायला जा." पहाटेपासून लोखंड उचलणाऱ्या माणसाला फिरायला जा म्हणणं म्हणजे कमालच होती, पण काचवाल्याने फी दिली आणि उठला.

मग एके दिवशी मेहुण्याने त्याला आतल्या खोलीत बोलावलं. टेबलाच्या खणातून एक छोटी बाटली काढली, तिच्यावर कसलंही लेबल नव्हतं.

"आठवड्याला एक सुई. दोन महिन्यांत बघा."

"काय आहे यात?"

"आंबे खायचे असले की झाडं मोजू नयेत" असलं काहीतरी शहाणपण तो सांगायच्या बेतात होता, पण त्याऐवजी तो वैतागला. "यात काय असायचंय? ताकद आहे. सगळे घेतात. विचारत कोणी बसत नाही."

"डॉक्टरला विचारून घेतो मग."

"डॉक्टरला कशाला? भीती वाटते असं सरळ सांगा ना."

काचवाल्याने सुई घेतली नाही. दुसऱ्या दिवशीपासून त्याला जिममध्ये आळशीच्या जोडीला भित्राही म्हणायला लागले.

सासूबाईंच्या वाढदिवसाला सगळे त्यांच्या घरी जमले तेव्हा जे झालं, ते मात्र छोटी आजही विसरलेली नाही. जेवणं चालली होती. कोणीतरी सहज काचवाल्याला विचारलं, जिम कशी चाललीय. उत्तर मेहुण्याने दिलं.

"कशी चालणार? औषध द्यावं तर घाबरतात. मला तर वाटतं, छोटीलाच विचारावं, घरी तरी जावईबापू काही उचलतात की नाही."

टेबलावर हशा पिकला. काचवाल्याच्या कानशिलापासून मानेपर्यंत आग गेली. त्याला सगळ्यात लागलं ते हे, की बाण नेमका जिथे बसायचा तिथे बसला होता. गेलं वर्षभर नवरा-बायकोमध्ये जे नव्हतं, त्याबद्दल त्या दोघांनी एकमेकांशीही चकार शब्द काढला नव्हता. ती थकलेली असेल असं तो स्वतःला सांगायचा आणि तो थकलेला असेल असं ती.

छोटीने चमचा खाली ठेवला. "दादा, हेच परत बोल. आईकडे बघून बोल."

हशा थांबला. दादाने पाण्याचा पेला उचलला. "अगं, गंमत केली."

"मग हसायला येईल अशी कर," ती म्हणाली. ती उठली, पर्स घेतली आणि दोघं अर्ध्या जेवणातून निघून आले.

दोघं चालत घराकडे निघाले. मग छोटी म्हणाली, "मोठ्या हॉस्पिटलमध्ये एक हार्मोनच्या डॉक्टरीण आहेत. आमच्या ऑफिसातली एक थायरॉइडसाठी जाते त्यांच्याकडे. उद्या सुट्टी घे."

"आणि त्या म्हणाल्या वय झालं, तर?"

"तर तिसरीकडे जाऊ. तुला काही होत नाही, हे मला कोणीतरी तपासून सांगायला हवं. न तपासता सांगणारे खूप झाले."

डॉक्टरीणबाई साठीकडे झुकलेल्या होत्या आणि त्यांना घाई नव्हती. दीड वर्षात त्याला कोणी विचारले नव्हते असे प्रश्न त्यांनी एकामागून एक विचारले. दाढी किती दिवसांनी करता? पूर्वी रोज करावी लागायची, आता तीन-चार दिवसांनी, त्याला तर ती सोयच वाटली होती. डोकं दुखतं का? इच्छा होते का, म्हणजे बायकोजवळ जायची? खाली बघत त्याने नाही म्हटलं. बाईंनी ते इतक्या साधेपणाने लिहून घेतलं, जणू त्याने भूक लागत नाही असं सांगितलं होतं. चालताना कडेच्या वस्तूंना धक्का लागतो का? इथे तो थबकला. दाराच्या चौकटी, टेबलाचे कोपरे, शेल्फं. त्याचा उजवा खांदा कायम काळानिळा असायचा. बाईंनी त्याला एक डोळा झाकून आपल्या नाकाकडे बघायला लावलं आणि कडेने बोट हळूहळू आत आणलं. बोट त्याला दिसलं ते फार उशिरा.

सकाळी उपाशीपोटी रक्त घेतलं, काही दिवसांनी पुन्हा घेतलं. दोन्ही वेळेला टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषाच्या अंगातलं मुख्य हार्मोन, इतकं कमी आलं की बाईंनी लगेच डोक्याचा स्कॅन करून घ्यायला सांगितलं. स्कॅनमध्ये कारण सापडलं. मेंदूच्या तळाशी जी चिमुकली ग्रंथी असते, अंगातल्या बाकीच्या ग्रंथींना हुकूम सोडणारी, तिच्यावर एक गाठ वाढली होती. कर्करोगाची नव्हती, पण बाजूच्या नजरेच्या शिरेवर दाबत होती. ती भलतंच हार्मोन भरमसाट सोडत होती आणि त्यापायी टेस्टोस्टेरॉन तयार करायचा हुकूमच खाली पोहोचत नव्हता.

"यावर गोळ्या आहेत," बाई म्हणाल्या. "बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. नजर अधूनमधून तपासत राहू, गोळीने नाही भागलं तर पुढचं बघू."

"आणि दंड?" काचवाल्याने विचारलं. डोक्यात गाठ निघाली आणि हा दंड विचारतो, म्हणून छोटीने त्याच्याकडे पाहिलं.

बाईंनी मात्र सरळ उत्तर दिलं. "व्यायामाने स्नायूवर ताण पडतो आणि मग शरीर तो पुन्हा बांधतं. तुमच्या शरीरात बांधकामाचा एक मोठा कारागीरच कामावर नव्हता. तुम्ही विटा आणून टाकत होतात, भिंत उठणार कशी? तुम्ही व्यायाम सोडला नाही म्हणून निदान होतं ते तरी थोडंफार टिकलं."

"म्हणजे मी कामचोर नव्हतो."

बाईंनी चष्मा काढला. "कामचोर? असं कोण म्हणालं?"

तो खुर्चीवरून उठला. बाहेरच्या बाकावर येऊन बसला तेव्हा रिपोर्टचा कागद त्याने मुठीत चुरगळला होता. छोटीला वाटलं घाबरला, म्हणून तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. घाबरला नव्हता तो. संतापला होता. आयुष्यात इतका राग त्याला कधी आला नव्हता आणि एवढ्या रागाचं करायचं काय हेही त्याला माहीत नव्हतं. दीड वर्ष तो आंधळा होत चालला होता आणि लोक त्याला चरबी आळशी आहे म्हणून हसत होते. तोही हसत होता. ते आठवलं की त्याला स्वतःच्या त्या हसण्याची चीड यायची.

"आणि ती सुई घेतली असती तर?" पुढच्या भेटीत छोटीने विचारलं.

"वरवर बरं वाटलं असतं," बाई म्हणाल्या. "त्या बाटलीत खरोखर काय होतं देव जाणे. पण गाठ तशीच वाढली असती, आणि इथे तुम्ही नजर गेल्यावर आला असता."

मेहुण्याच्या जिमची वाट काचवाल्याने सोडली. हॉस्पिटलच्या फिजिओथेरपिस्टने त्याला हळूहळू वाढवत न्यायचा व्यायाम शिकवला, तो घरीच करायचा. गोळ्यांनी आधी मळमळायचं. मग एक दिवस डोकं दुखायचं थांबलं, आणि ते थांबलंय हे त्याला संध्याकाळी लक्षात आलं. गाठ लहान होत गेली, रक्तातला आकडा वर सरकत गेला. घाई मात्र कशालाच नव्हती. वर्षाच्या अखेरीला त्याने आणि लंबूने तिसऱ्या माणसाशिवाय एक बाल्कनीचं दार चौथ्या मजल्यावर नेलं. वर पोहोचल्यावर लंबू नुसता त्याच्या दंडाकडे बघत राहिला, मग दुसरीकडे तोंड करून घाम पुसला. बराच वेळ पुसत होता. घरातही त्या दोघांचं पुन्हा जुळलं. त्याबद्दल जास्त सांगायची गरज नाही.

एवढ्यावर हे संपलं असतं तर काचवाल्याने राग गिळला असता. गिळायची त्याला सवय होती. पण मेहुण्याच्या जिमच्या दाराची काच तडकली, आणि माप घ्यायला गेलेला लंबू दुकानात परत आला तो तोंड वाकडं करून.

"तुझा नंतरचा फोटो लागलाय तिथे."

"माझा? मी तर वर्षभरात तिकडे फिरकलोही नाही."

"कुठल्यातरी लग्नातला आहे. बाह्या वर केलेल्या. बाकीची माणसं कापून टाकलीत. खाली लिहिलंय, सरांच्या शिस्तीने हार मानलेल्या शरीरातही जान आली. शेजारी पावडरचा डबा."

काचवाल्याने हातातली पट्टी खाली ठेवली. लंबूने "मी येऊ का?" विचारलं, तर नको म्हणाला, आणि चालत निघाला.

संध्याकाळची गर्दी होती. सगळी यंत्रं भरलेली. मेहुणा एका नवीन माणसाला भिंतीपाशीच उभा करून काहीतरी सांगत होता.

"अरे, जावईबापू! या या."

"तो फोटो काढा."

मेहुण्याने हसत त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आत बसू. चहा सांगतो."

"चहा नको. इथेच बोलू. माझ्याबद्दल जे बोललात ते तुम्ही नेहमी इथेच बोललात."

"अहो, कौतुक केलंय तुमचं. तुमच्या जिद्दीचं."

"जिद्द आधीच्या फोटोतही होती," काचवाला म्हणाला. "कमी होतं ते टेस्टोस्टेरॉन."

शब्द तोंडातून गेला आणि आजूबाजूचा लोखंडाचा आवाज थांबला. पन्नास माणसांमध्ये हे बोलणं त्याला किती जड गेलं ते त्याचं त्याला माहीत. पण एकदा बाहेर पडल्यावर पुढचं आपोआप आलं.

"माझ्या डोक्यात गाठ होती. तिच्यामुळे ते तयारच होत नव्हतं. कडेचं दिसत नव्हतं मला. तुम्ही काय म्हणालात? चोरून खातो. आळशी आहे. भित्रा आहे. आईसमोर काय म्हणालात ते मी इथे बोलत नाही, तुम्हाला आठवत असेल. मी आजारी होतो, दादा. आणि इथे असताना एकही वजन मी कमी उचललं नाही. एकही नाही." इथे त्याचा आवाज फाटला. त्याने तो सावरायचा प्रयत्नही केला नाही.

"मला काय माहीत असलं काही आहे ते? मी डॉक्टर आहे का?"

"नाही ना? मग बिनलेबलाची सुई कुठल्या अधिकाराने देत होतात?"

भिंतीपाशी उभा असलेला नवीन माणूस हळूच एक पाऊल मागे सरकला. पलीकडच्या बाकावरून एक चष्मेवाला, पोट सुटलेला गृहस्थ उठून बसला. "सर, तुम्ही मलाही म्हणता, झोप चोरता म्हणून फरक पडत नाही. मी खरंच झोपतो हो."

कोणी हसलं नाही. मेहुण्याने भिंतीकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं. "धंदा करायचा असतो, जावईबापू," तो दबक्या आवाजात म्हणाला, आणि त्याने स्वतःच्या हाताने फोटो उतरवला. काचवाल्याने आधीचाही मागून घेतला. दोन्ही घडी करून खिशात घातले आणि बाहेर पडला.

तो घरी पोहोचायच्या आत सासूबाईंचा फोन आलेला होता. घरचं भांडण चव्हाट्यावर मांडलं म्हणून त्या रडत होत्या.

"चव्हाट्यावर दादाने टांगलं होतं, आई," छोटी म्हणाली. "यांनी फक्त उतरवलं."

पुढे काय झालं म्हणाल, तर जिम बंद वगैरे पडली नाही. डबेही विकले जातातच. चष्मेवाल्याने मात्र दुकानात येऊन डॉक्टरीणबाईंचा पत्ता नेला. त्याचं रक्त बरोबर निघालं, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास निघाला, आणि त्याच्यावर उपचार सुरू झाले. हे सांगायला तो मुद्दाम पुन्हा आला.

मेहुणा बरेच महिने बोलला नाही. मग एका रविवारी, आईला आणून सोडायच्या निमित्ताने तो दारात आला. छोटीने आत ये म्हटलं. तो सोफ्याच्या कडेवर बसला, एवढा धिप्पाड माणूस, परक्याच्या घरी आल्यासारखा.

"मला खरंच माहीत नव्हतं," तो काचवाल्याला म्हणाला. "माहीत असतं तर मी असं बोललो असतो का?"

"माहीत नव्हतं तर विचारायचं होतं," काचवाला म्हणाला. "कसं वाटतंय, एवढंच."

मेहुण्याने मान हलवली. माफी त्याच्या तोंडातून निघाली नाही आणि काचवाल्यानेही ती ओढून काढली नाही. राग होता तसाच होता, फक्त आता तो दाबायला त्याला हसावं लागत नव्हतं. छोटीने टेबलावर ताटं मांडली. सासूबाईंनी सगळ्यांना जेवायला बसायला सांगितलं, आणि जेवण होईपर्यंत कोणीही कोणाची चेष्टा केली नाही.